लाल चाचणी

म्वायी पाठीवर असली की आलिनाफेला बसून काम करता येत नसे. ती खुर्चीला टेकली रे टेकली की पोरीला कसं कोण जाणे कळायचं, आणि मग चितेंजेच्या घट्ट बांधलेल्या कापडातून असा काही सूर लागायचा, की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून छताकडे बघायचा. म्हणून आलिनाफेनं टेबलावर टोमॅटोचे रिकामे खोके उलटे घालून त्यांच्यावर संगणक चढवला होता. ती उभ्यानं काम करायची. या पायावरून त्या पायावर झुलत, झुलता झुलता टाइप करत.

"म्वायीच्या आई," शेजारच्या टेबलावरून लिम्बानी म्हणायचा, "तुमच्या ओळी वाचल्या की मला कळतं, कुठली डाव्या पायावर असताना लिहिली आणि कुठली उजव्या."

"कसं रे?"

"डाव्या पायावरच्या ओळीत चुका कमी असतात."

"तू तर आरामात बसून लिहितोस. मग तुझं असं का होतं?"

बाहेर चिपेरोनी सुटला होता. डोंगरावरून तो गार, ओलसर वारा खाली उतरला की अख्खं झोम्बा शहर अंग चोरून बसतं, दोरीवरची लंगोटं चार चार दिवस वाळत नाहीत. आलिनाफेनं ती खोलीतच, संगणकांच्या मागच्या गरम हवेवर टाकली होती. दुकानाचे मालक काचिंग्वे, सगळ्यांचे 'बाम्बो' म्हणजे बाबा, सुरुवातीला बघून न बघितल्यासारखं करायचे. आता तेच येता जाता एखादं उलटं करून टाकत.

दुकान तीन माणसांचं. काम एकच: सरकारी दवाखान्यांसाठी पेट्या बनवायच्या. पेटीला छोटा पडदा, आत बॅटरी आणि एक लहानशी डिस्क. सिस्टर आलेल्या बाईचं नाव, तिची तारीख, दिलेलं औषध पेटीत भरते आणि पेटी ते सांभाळते. वीज गेली तर बॅटरी. बॅटरी गेली तर वीज येईपर्यंत वाट. चिल्वा तळ्याकाठच्या दवाखान्यांत दोन्ही एकदम जाणं ही रोजची गोष्ट.

आलिनाफेचं माहेर त्याच बाजूला. म्वायी पोटात असताना ती तिथल्या दवाखान्यात गेली होती, तेव्हा तिनं पाहिलं होतं: सिस्टर आधी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घ्यायची, मग पेटीत भरायची. पडद्यावर 'नोंद झाली' अशी अक्षरं उमटली की चिठोरं चुरगाळून टोपलीत. पुन्हा बघायचं नाही. ते दोन शब्द पडद्यावर आणणारी ओळ आलिनाफेनं लिहिली होती. त्या दिवशी तिला कौतुक वाटण्याऐवजी धास्तीच वाटली होती. ही बाई आपल्या दोन शब्दांवर इतका भरवसा ठेवते!

या वर्षी काचिंग्वेंनी ठरवलं होतं की पेटीतली डिस्क मोठी घेण्यापेक्षा आहे तीच दाबून वापरायची. डिस्क वापरायला घेताना ती माउंट करावी लागते, म्हणजे यंत्राला जोडून द्यावी लागते, आणि त्याच वेळी तिला सांगता येतं की बाई, या घरात तू वागायचं कसं: आलेला मजकूर आहे तसा ठेव, की घडी घालून, दाबून ठेव. दाबून ठेवला तर दुप्पट मावतो. सांगायला एक शब्द पुरतो. तो शब्द लिम्बानीनं लिहिला आणि सगळ्यांना वाटलं, झालं काम.

मग आलिनाफेनं चाचण्या चालवल्या.

फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवरची कारभारीण. काय कुठे ठेवलं, किती जागा उरली, सगळं तिच्या हाती. ती नीट वागते की नाही हे बघायला जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं चाचण्या लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या कुणालाही वापरता येतात. प्रत्येक चाचणीशेजारी तिचं अपेक्षित उत्तर. चाचणी चालवायची, कारभारीण काय बोलते ते टिपायचं आणि उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. जुळलं तर हिरवी ओळ. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लाल.

पडदा लालेलाल झाला होता.

काचिंग्वे कागदात गुंडाळलेले मंदासी, तळलेले गोड पाव, घेऊन वर आले, तेलकट बोटं पँटला पुसली आणि तिच्या खांद्यावरून डोकावले. "हे काय? माझ्या संगणकाला गोवर झालाय?"

"चाचण्या जुन्या आहेत, बाम्बो. लिहिणाऱ्यांनी साधं माउंट गृहीत धरलंय. आपण दाबून ठेवायला सांगितलं, त्याचा हा गोंधळ."

"म्हणजे पेट्यांत खोट नाही?"

"बहुतेक नाही."

"झालं तर मग. लाल आहेत तेवढ्या वगळून टाक. शुक्रवारी जिल्ह्याची गाडी पेट्या न्यायला येणार आहे."

"बहुतेक म्हणाले मी."

"अगं, माझी निम्मी कामं बहुतेकवर झाली आहेत. लग्नसुद्धा."

लिम्बानी मंदासी खाता खाता फिस्सकन हसला. आलिनाफे हसली नाही. ती झुलत राहिली. "मला शुक्रवारपर्यंत द्या. एकेक उघडून बघते. जिचं विचारणं चुकलंय तिला नीट विचारायला शिकवते. ज्या प्रश्नाला इथं अर्थच नाही तेवढाच वगळते, तोही कारण लिहून. पण न बघता एकही वगळणार नाही."

"आणि एखादी खरीच लाल निघाली तर?"

"तर पेट्या जाणार नाहीत."

काचिंग्वेंनी मंदासी अर्धा तोडून तिच्यासमोर धरला. "खा. पेट्या जातील. मागच्या वेळी उशीर झाला तेव्हा जिल्ह्याच्या मॅडम काय म्हणाल्या आठवतंय ना? पुढच्या खेपेला काम ब्लँटायरच्या लोकांना देऊ म्हणाल्या. तुझं पोरगं मोठं व्हायचंय, माझीही अजून शाळेतच आहेत."

"पोरगं नाही, पोरगी," आलिनाफे म्हणाली आणि तोंडात मंदासी धरून तिनं पहिली चाचणी उघडली.

ती होती डिस्क भरण्याची. चाचणी लिहीत सुटायची, डिस्क भरेपर्यंत, आणि मग कारभारणीनं 'जागा संपली' असं कबूल करावं अशी तिची अपेक्षा. इथं कारभारीण कबूलच करत नव्हती. आलिनाफेनं बघितलं की चाचणी डिस्कवर लिहिते तरी काय, आणि तिला हसू फुटलं. एकच अक्षर. ओळीमागून ओळ, तेच ते अक्षर. दाबणारीला ते दाबायला कितीसा वेळ? 'हेच अक्षर, पुष्कळ वेळा' एवढं लिहून ठेवलं की संपलं. असा ढीग बैलगाडीनं आणून ओतला तरी तो चिमटीत मावणार, आणि डिस्क रिकामीच्या रिकामी.

"लिम्बानी, हिला दाबता येणार नाही असं काहीतरी खायला घालायला हवं. कुठंच कशाशी जुळत नाही असं, वेडंवाकडं."

"माझ्या थोरल्या मामांची भाषणं देऊ? लग्नातली?"

"ती तर सहज दाबता येतील. एकच वाक्य असतं."

तिनं त्या अक्षराच्या जागी यदृच्छेनं निघणारा, कशाचा कशाला मेळ नसलेला मजकूर घातला. डिस्क भरली. कारभारणीनं कबुली दिली. हिरवी. मग तिनं तीच चाचणी साध्या माउंटवरही चालवून बघितली, कारण दुरुस्तीचा नियमच तो: नव्या घरात चालली म्हणून जुन्या घरात अडखळायला नको. तिथंही हिरवी.

त्यानंतर तिनं चाचणीच मोडून बघितली. ही तिची सवय होती, आणि या धंद्यातल्या शहाण्या माणसांची असतेच. 'जागा संपली' ऐवजी कारभारणीच्या तोंडी मुद्दाम 'सगळं ठीक' घातलं. चाचणी तत्काळ लाल झाली. मग तिनं ते काढून टाकलं आणि पुढची उघडली. आपण दुरुस्त केलेली चाचणी चूक समोर आल्यावर ओरडते का, हे बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे.

पुढची विचारत होती की फाइल डिस्कवर किती तुकड्यांत पडली आहे. दाबून ठेवताना कारभारीण मजकुराचे लहान लहान तुकडे करतेच; तिला एकसंध का ठेवलं नाहीस म्हणून दटावण्यात अर्थ नव्हता. तिथं तिनं चाचणीच्या तोंडाशी लिहिलं, हा पर्याय असेल तर हा प्रश्न लागू नाही, आणि खाली कारण. अशी एकेक करत ती पुढं सरकत राहिली. म्वायी झोपली की भराभर, जागी झाली की एका हातानं, दूध पिताना नुसतं वाचत. लाल ओळी कमी होत गेल्या. काचिंग्वे दिवसातून दोनदा वर येत, पडद्याकडे बघत आणि लंगोट उलटं करून खाली जात.

मधल्या एका दिवशी म्वायीला लसीची सुई टोचून आणली. दुपारपासून पोर तापली, आणि पाठीवर निखारा बांधावा तशी आलिनाफेची पाठ भाजू लागली. घरी जावं, असं मनात येऊनही ती गेली नाही. घरी दिवे नव्हते, आणि इथं निदान पोरीला हलवत हलवत काम होत होतं. शेवटची चाचणी उरली होती, वीज जाण्याची. ही चाचणी एक फाइल लिहायची, ती डिस्कवर पक्की झाली अशी हमी कारभारणीकडून घ्यायची, मग वीज गेल्याचं सोंग करायची. पुन्हा माउंट करून विचारायची: फाइल किती लांब आहे, आणि तिनं जागा किती घेतली आहे?

लाल. सगळे आकडे वेगळे.

"वेगळे असणारच," ती स्वतःशी म्हणाली. "दाबून ठेवल्यावर जागा कमी लागते." म्वायी रडत होती. तिनं एक चाळणी लिहिली: उत्तर ताडून बघण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा पुसायचा आणि त्याच्या जागी 'आकडा' हा शब्द ठेवायचा. अशा चाळण्या सगळेच लावतात. त्याशिवाय दोन यंत्रांची उत्तरं कधी जुळायचीच नाहीत. चाचणी हिरवी झाली. लिम्बानीनं वाचली आणि तपासल्याची खूण म्हणून खाली आपलं नाव घातलं. "सुंदर. आता घरी जा, म्वायीच्या आई. पोरगी चुलीसारखी तापलीय."

त्या एका चाचणीला तिनं मोडून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला होता. गुरुवार होता, खाली काचिंग्वे पेट्या खोक्यांत भरत होते, आणि चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज जिन्यावरून वर येत होता. पडदा हिरवागार. आलिनाफेला बरं वाटायला हवं होतं. तिनं चहा घेतला, शेंगदाणे खाल्ले, लंगोटांच्या घड्या घातल्या आणि मग न राहवून शेवटची चाचणी उघडली. वीज जाण्याच्या सोंगानंतर तिनं मुद्दाम एक ओळ घातली: फाइलचं शेपूट कापून टाक. आणि चालवली.

हिरवी.

तिनं डोळे चोळले. ओळ तीच होती. शेपूट कापलेलं होतं. पुन्हा चालवली. हिरवी.

"लिम्बानी, इकडे ये."

लिम्बानी आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "चाळणी."

"चाळणीच. जागेचा आकडा पुसायचा होता, मी लांबीचाही पुसला. फाइल अर्धी गेली तरी ही म्हणणार, आकडा. सगळी गेली तरी आकडाच."

"मीही वाचली होती," तो म्हणाला. "मी नाव घातलंय खाली."

"आता दोघं मिळून रडायला नको. चाळणी बारीक करू."

तिनं चाळणी बारीक केली. जागेचा आकडा तेवढा पुसायचा, लांबीला हात लावायचा नाही. चालवली, लाल झाली. तिला हायसं वाटलं. कापलेलं शेपूट दिसायला लागलं होतं. मग तिनं ती मुद्दाम घातलेली ओळ काढली, कारण आता सगळं जागेवर असणार, आणि हिरवं बघायच्या तयारीनं पुन्हा चालवली.

लाल.

ओळ काढली होती ना? काढली होती. फाइल जितकी लिहिली, तितकी परत आली नव्हती. शेवटचा थोडा मजकूर नव्हता. कारभारणीनं पक्कं ठेवलं म्हणून हमी दिली होती आणि वीज येताच हात वर केले होते. साध्या माउंटवर चालवली: हिरवी. दाबून ठेवायला सांगून: लाल. पुन्हा. पुन्हा तेच.

खाली चिकटपट्टी चर्र करून फाटली. शेवटी थोडं थोडं जोडत जायचं आणि प्रत्येक वेळी हमी घ्यायची, हे तर पेटीचं रोजचं काम. सिस्टर एक नाव भरते, 'नोंद झाली' येतं, चिठोरं टोपलीत जातं.

ती पोर पाठीवर घेऊनच जिना उतरली.

काचिंग्वेंनी सगळं ऐकून घेतलं. हातातली कात्री खाली ठेवली नाही. "त्या दिवशी तू काय म्हणालीस? चाचण्या जुन्या, चाचण्यांना कळत नाही. सगळा आठवडा तू त्यांचे कान पिळलेस. आणि आज ही एक चाचणी एकाएकी चर्चमधला पाद्री झाली?"

"बाकीच्यांचं का चुकत होतं ते मी दाखवू शकते. हिचं काही चुकतच नाही."

"सोंगाची वीज आहे ती, बाम्बो," लिम्बानी चाचरत म्हणाला. "सोंगात काहीतरी राहिलं असेल, असंही असू शकतं."

"तू कुणाच्या बाजूचा रे?" आलिनाफे म्हणाली.

"मी शुक्रवारच्या बाजूचा," लिम्बानी म्हणाला आणि लगेच ओशाळला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सोंग नको. खरी पेटी द्या."

काचिंग्वेंनी नुकतंच बंद केलेलं एक खोकं कुरकुरत उघडलं. पेटी टेबलावर मांडली, सुरू केली. आलिनाफेनं एक नाव भरलं. 'नोंद झाली.' तिनं बॅटरीची वायर उपटली. पडदा विझला. वायर परत जोडली, पेटी जागी झाली. नाव जागच्या जागी होतं.

तिनं पुन्हा तसंच केलं. पुन्हा नाव होतं. शिंपी मशीन सोडून दारात येऊन उभा राहिला होता.

"झालं समाधान?" काचिंग्वेंनी चिकटपट्टी उचलली. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "आलिनाफे, तू दमलीयेस. पोरगी काल तापली होती. उद्या पेट्या गेल्या की दोन दिवस घरी राहा."

ती हलली नाही. म्हणजे झुलत होती, पण तिथून हलली नाही. पाठीवर म्वायी जागी होऊन तिच्या कानातलं ओढत होती. तिनं डोळे मिटून चाचणी मनातल्या मनात वरपासून वाचली. चाचणी काय करते? आधी भरपूर लिहिते. मग शेवटी थोडंसं जोडते. ही पेटी नवी कोरी. तिच्यात पहिलंच नाव मी घातलं. आधी दाबून ठेवलेलं काही नाहीच, तर जोडणार कशाला?

"नोंदवही रिकामी आहे," ती डोळे उघडून म्हणाली. "तळ्याकाठच्या दवाखान्यात रिकामी असते का, बाम्बो? तिथं ती कायम भरलेली असते. लिम्बानी, नमुन्याची नोंदवही आण. ती मोठी."

लिम्बानी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या टाकत गेला आणि आला. नमुन्यासाठी त्यानं केव्हातरी गर्भवतींची एक लांबलचक नोंदवही तयार केली होती, आणि नावं सुचेनात म्हणून आपले सगळे मामा, काका, मावश्यांचे नवरे तिच्यात भरले होते. ती पेटीत घातली. पडद्यावर लिम्बानीच्या मामांच्या प्रसूतीच्या तारखा सरकू लागल्या. शिंपी दारात खो खो हसायला लागला.

"आता तुम्ही भरा," आलिनाफे काचिंग्वेंना म्हणाली. "तुमचंच नाव. माझा हात नको."

काचिंग्वेंनी तेलकट बोटानं एकेक अक्षर दाबत आपलं नाव भरलं, वय भरलं, पुढची तारीख भरली. 'नोंद झाली.'

"दिसलं?"

"दिसलं."

"वायर तुम्हीच काढा."

त्यांनी वायर काढली, थोडं थांबून परत लावली. पेटी सावकाश जागी झाली. मामा आले, काका आले, मावश्यांचे नवरे आले. सगळ्यांत खाली लिम्बानीचे धाकटे मामा, आणि त्यांच्याखाली काहीही नाही.

काचिंग्वेंनी पडदा वर सरकवला, खाली सरकवला. डोळे बारीक करून पडदा जवळ घेतला.

"बाम्बो," आलिनाफे हळूच म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात आलाच नाहीत."

कुणी हसलं नाही. शिंपी त्याच्या मशीनकडे निघून गेला. काचिंग्वे एका बंद खोक्यावर बसले. त्यांच्या बुडाखाली पुठ्ठा थोडा दबला, तरी ते उठले नाहीत.

"ती सिस्टर काय करेल?" त्यांनी विचारलं.

"काही करणार नाही. तिला कळणारच नाही. ती म्हणेल, बाई आली नव्हती. बाई म्हणेल, मी आले होते. आणि खोटी बाईच ठरेल, कारण पेटी कधी खोटं बोलत नाही असं आपणच सगळ्यांना सांगितलंय."

त्यांनी कात्री उघडली, मिटली. मग म्हणाले, "तो दाबायचा शब्द काढला तर?"

"तर ठीक चालतं. पण जागा निम्मी. नाताळापर्यंत पुरेल, फार तर."

"आणि पुढं?"

"पुढं ज्यांनी ही फाइलसिस्टीम लिहिली, ते दुरुस्त करतील. मी त्यांना आज ही चाचणी पाठवते."

"झोम्ब्याच्या शिंप्याच्या माडीवरून कुणी काही लिहिलं तर ऐकतात ते?"

"नुसती तक्रार लिहिली तर कदाचित नाही ऐकणार. पण ही चाचणी त्यांच्या यंत्रावरही लाल होणार. मग बघावंच लागतं."

काचिंग्वेंनी खिशातून फोन काढला, दारापर्यंत गेले, परत आले आणि सगळ्यांच्या समोरच नंबर लावला. "मॅडम, काचिंग्वे बोलतोय. हो, हो, पेट्या तयार आहेत. उद्याच येतील. पण एक आहे, मॅडम. नाताळाच्या आसपास सगळ्या परत घ्याव्या लागतील. भरतील म्हणून. नाही, डिस्क लहान नाही, म्हणजे आहे लहान, पण..." फोनमधून आवाज चढला. त्यांनी तो कानापासून हातभर लांब धरला, आणि आवाज थोडा उतरल्यावर परत कानाला लावला. "ऐका मॅडम. जास्त मावतील अशा देऊ शकलो असतो. त्यात बायांची नावं हरवली असती. हो. मी स्वतः हरवलो, आत्ताच. तुम्हाला काम ब्लँटायरला द्यायचं तर द्या, पण त्यांनाही ही एक चाचणी करायला सांगा. मी पाठवतो."

वर जाऊन आलिनाफेनं पत्र लिहिलं. काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. कुठल्या पर्यायाखाली होतं आणि कुठल्याखाली होत नाही. त्याच्याखाली बारीक चाळणीची चाचणी जोडली. आपल्या आधीच्या जाड चाळणीबद्दलही दोन ओळी लिहिल्या, म्हणजे दुसऱ्या कुणी तीच लावू नये. लिम्बानीनं या वेळी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, मुद्दाम दोनदा मोडून बघितली आणि मगच खाली नाव घातलं.

"ही चाचणी दाबायच्या पर्यायाखाली वगळू ना?" त्यानं विचारलं. "आपल्याला माहीतच आहे आता. नाहीतर रोज सकाळी आल्या आल्या लाल दिसणार."

"दिसू दे."

"नाताळापर्यंत?"

"दुरुस्त होईपर्यंत. वगळली तर महिन्याभरात तू विसरशील, मी विसरेन, आणि कुणीतरी जागा पुरत नाही म्हणून तो शब्द परत घालेल." तिनं पोरीला पाठीवरून सोडवून मांडीवर घेतलं. "वगळायची नाही ती."

शुक्रवारी सकाळी सगळ्या पेट्यांतून दाबायचा शब्द निघाला होता, पण आलिनाफेच्या सगळ्या दुरुस्त चाचण्या आता साध्या माउंटवर पुन्हा एकत्र चालायच्या होत्या. चाचण्या बदलल्या होत्या, म्हणजे जुनं हिरवंही कामाचं राहिलं नव्हतं. डिस्क भरण्याची चाचणी तो वेडावाकडा मजकूर घेऊन रांगत होती. साध्या माउंटवर भरायला मजकूर तितकाच लागतो, पण हा मजकूर निपजायलाच वेळ लागायचा. चिपेरोनी थांबला नव्हता. जिल्ह्याची गाडी खाली येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग बराच वेळ दाबून धरला. म्वायी दचकून रडायला लागली.

काचिंग्वे जिन्यातून वर आले. पावसाचे थेंब त्यांच्या टोपीवर तसेच होते. "झालं?"

"थोड्या राहिल्यात."

"लाल काही?"

"अजून नाही. पण संपलेलं नाही."

लिम्बानीनं खिडकीतून खाली बघितलं. "तो म्हणतोय, रस्ता चिखलाचा होईल, आत्ताच निघायला हवं."

आलिनाफेनं पोर खांद्यावर घेतली, पाठ थोपटत राहिली, आणि काचिंग्वेंकडे बघितलं. या वेळी ती काही मागणार नव्हती. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.

काचिंग्वेंनी खिडकी उघडली. गार वारा आत आला आणि लंगोटं फडफडली. ते बाहेर वाकले आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की शिंप्याचं मशीन पुन्हा थांबलं. "गाडी बंद कर रे! चहा घे! माझ्या नावावर घे, दोन घे! चाचण्या संपल्याशिवाय एक खोकं हलणार नाही!"

त्यांनी खिडकी लावली, टोपी झटकली, आणि रिकामी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. आलिनाफे त्यांच्या मागे उभी राहून झुलत होती. ओळी एकेक करून वर सरकत होत्या. मध्येच एक ओळ बराच वेळ रेंगाळली तेव्हा काचिंग्वे पुढं झुकले. खाली ड्रायव्हर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता.

शेवटची ओळ हिरवी झाली. आलिनाफेनं ती दोनदा वाचली.

"आता न्या," ती म्हणाली.